न मोजलेल्या माशांचा हिशेब

पेणच्या खारेपाटात तळे चांगले की वाईट, हे ठरवण्याचे एक सर्वमान्य माप आहे: त्यातून निघालेला सर्वांत मोठा जिताडा. तो किती किलोचा होता, तसे किती निघाले, पाहुण्यांकडे किती गेले आणि बाजारात काय भाव मिळाला, यावर तळ्याचे नाव होते. रोह्याकडे कुंडलिकेच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यात हेच माप कटला आणि रोहूच्या वजनाला लावले जाते. या मापाला नाव ठेवण्याचे कारण नाही. तळे राखणाऱ्याला शेवटी ताटातला मासाच हवा असतो. पण या मापाने झालेल्या वर्षांचे कळते, येणाऱ्या वर्षाचे काही कळत नाही. चार किलोचा जिताडा ही गेल्या काही वर्षांत तळ्याने पुरवलेल्या अन्नाची पावती असते. ते अन्न आजही तळ्यात आहे की नाही, हे त्याच्या वजनात कुठेच लिहिलेले नसते. म्हणून मला असे वाटते की तळ्याची तब्येत आपण मोजून सोडलेल्या माशांवरून पाहू नये. आपल्या नकळत, न मोजता वाढणाऱ्या माशांवरून पाहावी. त्यासाठी लागणारी बहुतेक साधने या दोन तालुक्यांतल्या तळेवाल्यांच्या घरी आधीपासून आहेत.

हे म्हणणे समजून घेण्यासाठी आधी ही तळी कशी आहेत ते पाहू. अंबा नदी आणि धरमतरची खाडी यांच्या काठची पेणची बरीचशी शेती समुद्राच्या भरतीपासून राखलेली आहे. बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची, पावसाचे गोडे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हे खारबंदिस्तीचे तंत्र. गावाने मिळून बांध राखण्याची ही रीत जुनी आहे. सरकारने १९४८ साली आणि पुढे १९७९ साली खारजमिनींसाठी कायदे केले, आणि कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र याच जमिनींचा अभ्यास करते. अशा सखल जमिनीत घराचे जोते उंच करायला माती लागते आणि उन्हाळ्यासाठी पाणीही साठवावे लागते. घराशेजारी तळे खोदले की दोन्ही गरजा भागतात. पावसाळ्यात या तळ्याचे पाणी गोडे असते, आणि ऊन वाढून पाणी आटत गेले की त्याला खारटपणा चढतो. रोह्याचे चित्र वेगळे आहे. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून १९२७ सालापासून मुळशीचे पाणी कुंडलिकेत उतरते. त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि कोलाडजवळच्या डोलवहाल बंधाऱ्यावरून निघालेले कालवे शेतीला पाणी देतात. तिथल्या तळ्यांना खाऱ्या पाण्याचा जाच कमी, म्हणून तिथे कटला, रोहू, मृगळ हे गोड्या पाण्याचे मासे रुळले.

पेणचा जिताडा आणि रोह्याचा रोहू यांच्या सवयी कितीही वेगळ्या असल्या, तरी एका बाबतीत ते सारखे आहेत. दोघेही तळ्यात पिलावत नाहीत. जिताडा जन्माला येतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. त्याची पिल्ले पावसाळ्याच्या भरतीबरोबर खाडीत, ओहोळांत आणि उघाड्यांच्या तोंडाशी येतात आणि तिथूनच माणसे ती गोळा करून तळ्यात आणतात. तळ्यात तो झपाट्याने वाढतो, गोडे पाणी सहज सोसतो, पण पुढची पिढी देत नाही. आयुष्याची पहिली काही वर्षे तो नर असतो आणि पुरेसा मोठा झाल्यावर मादी होतो. अंडी घालायला त्याला पुन्हा खाऱ्या पाण्याकडेच जावे लागते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली भारतात पहिल्यांदा जिताड्याचे प्रजनन बंदिस्त जागेत घडवून आणले. तेव्हापासून बीज उबवणी केंद्रातूनही मिळू लागले. पण तळ्यापुरते बोलायचे तर बीज बाहेरूनच यायचे, ही गोष्ट बदलली नाही. कटला-रोहूचेही तसेच. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी मिळवली, आणि मत्स्यजिरे व बोटुकली तळेवाल्याला विकत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे दोन्ही तालुक्यांत तळ्याचे मानकरी मासे माणसाने मोजून सोडलेले असतात. त्यांची संख्या सोडलेल्या आकड्यापेक्षा वाढत नाही, फक्त घटते.

तळ्यात दुसरीही एक वस्ती असते, आणि ती कोणी मोजून सोडलेली नसते. पावसाच्या लोंढ्याबरोबर चढून आलेले वलगणीचे मासे, उघाडीतून शिरलेले बोईट आणि कोळंबी, काठच्या गवतात राहणारे बारीक मासे आणि या सगळ्यांत जोरकस असा तिलापिया. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो गोड्या पाण्यात वाढतो, निमखाऱ्यात वाढतो, दोन-तीन महिन्यांत वयात येतो, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि अनुकूल दिवसांत काही आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते. जिताड्याच्या तळ्यात ही वस्ती म्हणजे अन्न. रोहूच्या तळ्यात तीच वस्ती ताटातला वाटेकरी. मासा तोच, पण एका तळ्यात त्याच्यावर जगायचे आणि दुसऱ्यात त्याच्याशी झगडायचे. म्हणून 'तिलापिया चांगला की वाईट' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तो किती आहे, कोणत्या आकाराचा आहे आणि त्याला खाणारा कोणी आहे का, या तीन गोष्टी कळल्यावरच उत्तर देता येते. मोजलेले आणि न मोजलेले यांच्यातल्या नात्याला मी तळ्याचा समतोल म्हणतो. आपण हिशेब ठेवतो तो पहिल्यांचा, आणि बिघाड सुरू होतो दुसऱ्यांपासून.

हे नाते किती कडक आहे ते साध्या गणिताने कळते. छोट्या माशांवर वाढणाऱ्या जिताड्याला एक किलो वजन चढवण्यासाठी साधारण चार ते आठ किलो मासे खावे लागतात. समजा, एका तळ्यात ५० जिताडे आहेत आणि प्रत्येकाने वर्षात एक किलो वाढावे अशी अपेक्षा आहे. तर त्या तळ्यात वर्षभरात २०० ते ४०० किलो छोटा मासा तयार होऊन जिताड्याच्या तोंडी जायला हवा. शिवाय पुढची पिलावळ चालू राहील इतका मासा शिल्लक राहिला पाहिजे. हे गणित न करता पन्नासाऐवजी दीडशे पिल्ले सोडणे म्हणजे कणगीत भात किती उरला हे न पाहता पंगतीची पाने मांडण्यासारखे आहे. अन्न तोकडे पडले की जिताडे सारखे रोडावतील असेही नाही. हा मासा आपल्या निम्म्याहून लांब असलेल्या भाईबंदालाही गिळू शकतो. मग थोडे मोठे असलेले लहानांना खातात, दीडशेचे चाळीस होतात आणि त्यांतले दोन-तीन प्रचंड वाढतात. तळ्यातून मोठा जिताडा निघाला म्हणून घरात आनंद होतो. प्रत्यक्षात तो मोठा जिताडा भुकेल्या तळ्याचा पुरावा असू शकतो. एका मोठ्या माशावरून तब्येत ठरवू नये, याचे याहून स्पष्ट कारण सापडणार नाही.

शिकारी आणि खाद्य यांचे प्रमाण मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात झाला. ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी शेतातली अनेक तळी रिकामी केली, त्यांतला मासा आकारानुसार तोलला आणि १९५० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या तळ्यांत बास हा शिकारी होता आणि ब्लूगिल हे त्याचे खाद्य. वर्षामागून वर्ष खाण्याजोगा मासा समाधानकारक देत राहते ते समतोल तळे, अशी त्यांची व्याख्या होती. अशा तळ्यांत खाद्यमाशांचे एकूण वजन शिकारी माशांच्या वजनाच्या सुमारे १.४ ते १० पट असते आणि उत्तम तळ्यांत ते ३ ते ६ पट असते, असे त्यांना दिसले. दुसरे मापही त्यांनी दिले: तळ्यातल्या एकूण वजनापैकी खाण्याजोग्या आकाराच्या माशांचे वजन किती टक्के. हे प्रमाण समतोल तळ्यांत ३३ ते ९० टक्के आणि उत्तम तळ्यांत ६० ते ८५ टक्क्यांच्या आसपास होते. पहिले प्रमाण फार खाली आले तर शिकारी उपाशी आहे. ते फार वर गेले तर खाद्यमाशांची गर्दी झाली आहे आणि त्यांना आवरणारे तोंड कमी पडते आहे. स्विंगल यांच्या कामाचे मोल असे की 'तळे बरे दिसते' या वाक्याला त्यांनी तराजूवर ठेवले.

हे आकडे पेणमध्ये जसेच्या तसे लावता येणार नाहीत, आणि लावूही नयेत. बास तळ्यातच पिलावतो, जिताडा पिलावत नाही. ब्लूगिल आणि तिलापिया यांचा वाढीचा वेग वेगळा, अलाबामाचा हिवाळा वेगळा, आणि आपल्या तळ्यात पाणी वर्षातून एकदा गोड्याचे खारे होत जाते ही तर तिथे नसलेलीच गोष्ट. बासच्या तळ्यात निसर्ग दोन्ही बाजू थोड्याफार सावरू शकतो. जिताड्याच्या तळ्यात शिकाऱ्याची बाजू पूर्णपणे माणसाच्या हातात असते. म्हणून स्विंगल यांच्याकडून उत्तर न घेता प्रश्न घ्यावा: खाणाऱ्यांचे वजन किती आणि खाल्ले जाणाऱ्यांचे किती? गंमत म्हणजे त्यांना ज्या कामासाठी तळी मुद्दाम रिकामी करावी लागली, ते काम आपल्याकडे अनेक तळ्यांत उन्हाळ्यात आपसूक होते. चैत्र-वैशाखात तळे उपसले जाते, मासा काढला जातो. त्या दिवशी जिताडा काट्यावर जातो आणि बारका मासा टोपल्यांनी वाटला जातो, कोणी सुकवतो, कोणी चिखलातच सोडून देतो. तो बारका मासाही त्याच दिवशी त्याच काट्यावर तोलला, तर ते तळे आपला ताळेबंद स्वतःच सांगेल. जिताडे ६० किलो आणि बारका मासा ४० किलो निघाला, तर पुढच्या पावसात बीज कमी सोडायला हवे किंवा आधी खाद्यमासा वाढवायला हवा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दरवर्षीचा असा एक आकडा पाच वर्षे लिहून ठेवला, तर पेणच्या तळ्याचे योग्य प्रमाण पेणच्याच वहीतून मिळेल.

सगळी तळी उपसली जात नाहीत. काही बारमाही असतात, काहींचे पाणी घराला लागते, काहींत जिताडा दोन-तीन वर्षे ठेवायचा असतो. अशा तळ्यात नमुना घ्यावा लागतो. बारीक आसाचे ओढजाळे काठाकाठाने फिरवायचे, दोन-चार ठिकाणी पाग टाकायचा आणि आलेल्या माशांचे आकाराप्रमाणे वाटे करायचे: नखाएवढे, बोटाएवढे, तळहाताएवढे आणि त्याहून मोठे. या वाट्यांची भाषा वाचता येते. नखाएवढी पिल्ले भरपूर, मधल्या आकाराचे थोडे आणि काही मोठे तिलापिया असतील, तर पिलावळ चालू आहे आणि मधला मासा जिताड्याच्या पोटात जातो आहे; हे निरोगी तळ्याचे लक्षण. बोटाएवढ्यांची झुंबड आहे आणि त्याहून मोठे दिसतच नाहीत, तर गर्दी झाली आहे, अन्न वाटून संपते आहे आणि कोणीच मोठे होत नाही. याची खूण अशी की आठ-दहा सेंटीमीटरच्या मादीच्याही तोंडात अंडी सापडतात. वाढ खुंटली तरी वय थांबत नाही. पिल्लेही नाहीत, मधलेही नाहीत आणि जाळ्यात मोजके मोठे तिलापिया येतात, तर शिकारी जास्त झाले आहेत. जिताड्याच्या तोंडात न मावणारे तेवढे उरले. असा नमुना वर्षातून तीनदा पुरे: बीज सोडण्याआधी, पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमारास आणि पाणी आटू लागते तेव्हा होळीच्या मागेपुढे.

जाळे फसवते, ही शंका रास्त आहे. मोठ्या आसाच्या जाळ्यातून बारका मासा निसटतो, काठावर टाकलेल्या जाळ्यात खोल पाण्यातला जिताडा येत नाही, आणि जाळे ओढणाऱ्याचा हातही दरवेळी सारखा नसतो. पण या फसवणुकीवर उपाय आहे: दरवेळी तेच जाळे, त्याच जागा, त्याच वेळा. जाळ्याची खोड कायम राहिली की दोन नमुन्यांमधला फरक तळ्याचा असतो. ज्याला संख्येचा अंदाज हवा आहे, त्याच्यासाठी डेन्मार्कच्या पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाणारी, सव्वाशे वर्षांहून जुनी आणि तितकीच सोपी रीत आहे. समजा १०० तिलापिया पकडून शेपटीच्या परावर बारीक खूण केली आणि परत सोडले. आठवड्याने पुन्हा १२० पकडले आणि त्यांत खुणेचे ६ निघाले. म्हणजे विसांत एक खुणेचा. १०० खुणेचे मासे जर एकूण वस्तीच्या विसाव्या हिश्श्याइतके असतील, तर वस्ती सुमारे दोन हजारांची. हा आकडा अचूक नसतो. पण दोन हजार की वीस हजार, एवढा फरक तो नक्की सांगतो, आणि तळे राखणाऱ्याला बहुधा एवढाच फरक कळायला हवा असतो.

संख्येइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंगावरचे मांस. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारण आठपट व्हायला हवे, कारण तो लांबीबरोबर रुंदीने आणि जाडीनेही वाढतो. वीस सेंटीमीटरचा जिताडा १०० ग्रॅम भरत असेल, तर ४० सेंटीमीटरचा ८०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. तो ६०० ग्रॅमच भरला, तर लांबी वाढली पण अंग भरले नाही. अभ्यासक यासाठी एक निर्देशांक काढतात: ग्रॅममधल्या वजनाला शंभराने गुणायचे आणि सेंटीमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचे. आपल्या उदाहरणात पहिल्या माशाचा निर्देशांक १.२५ येतो, दुसऱ्याचा ०.९४. हा आकडा दुसऱ्याच्या तळ्याशी ताडण्यापेक्षा आपल्याच तळ्याच्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडावा. डोके मोठे, पाठ धारदार, पोट आत गेलेले, असा मासा अनुभवी माणूस पाहताक्षणी ओळखतो; निर्देशांक तीच ओळख वहीत टिकवतो. जिताडा रोड आणि तिलापिया मोजका, तर अन्न कमी. पण जिताडा रोड असूनही तिलापियाची रेलचेल असेल, तर अडचण आकाराची आहे: तिलापिया जिताड्याच्या तोंडापेक्षा मोठा झाला आहे. दोन्ही वेळा मासा रोडच दिसतो, पण पहिल्या तळ्यात खाद्य वाढवायचे आणि दुसऱ्यात मोठा तिलापिया जाळ्याने काढून टाकायचा. न मोजलेल्या माशांकडे पाहिल्याशिवाय हा भेद कळणारच नाही.

रोह्याच्या तळ्यात शिकारी नसतो, म्हणून तिथे समतोल वेगळ्या रूपात दिसतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. हेक्टरी ५,००० च्या आसपास बोटुकली सोडताना कटला चार भाग, रोहू तीन आणि मृगळ तीन असे प्रमाण ठेवण्याची शिफारस याच वाटणीवर बेतलेली आहे. त्यामुळे कोणता मासा वाढला नाही, यावरून तळ्याचा कोणता थर उपाशी आहे ते कळते. कटला रोडावला तर वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव कमी. मृगळ रोडावला तर तळाशी काही बिघडले आहे. तिन्ही सारखेच खुरटले तर बोटुकली जास्त झाली, किंवा तिलापिया आणि इतर बारक्या माशांनी तिन्ही थरांत हात मारला. इथेही शेवटचा निकाल न मोजलेल्या वस्तीवरच येऊन ठेपतो. मरळीसारखा शिकारी मासा अशा तळ्यात नको म्हणून हाकलला जातो. बोटुकली लहान असताना ते बरोबरच आहे. पण रोहू-कटला चांगले हातभर झाल्यावर थोड्या मरळी बारका मासा आवरण्याचे काम करू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

पाणी तपासले की पुरे, असे काहींचे म्हणणे असते. पाणी तपासलेच पाहिजे. मासे सर्वांत जास्त घुसमटतात ते पहाटे, कारण रात्रभर पाण्यातली वनस्पतीही प्राणवायू वापरत असते. ढगाळ दिवसांनंतरच्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले तर ती धोक्याची घंटा आहे. पांढरी थाळी दोरीने सोडून ती ३० ते ४५ सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर हिरवे पाणी बेताचे आहे, असे मानतात. पण पावसाळ्यात तीच थाळी गढूळपणामुळे लवकर दिसेनाशी होते, तेव्हा त्यावरून अन्नाचा अंदाज करू नये. क्षारतेचेही तसेच. लिटरला साधारण पाच ग्रॅमच्या पुढे खारटपणा गेला की रोहू-कटला मंदावतात, तर जिताडा आणि तिलापिया आरामात असतात. हे सारे खरे. पण मासा जगू शकेल की नाही, एवढेच पाणी सांगते. कोण जगतो आहे आणि कोणाच्या जिवावर, हे पाण्याच्या तपासणीत उमटत नाही. उत्तम पाण्यातही तिलापियाची गर्दी होते आणि जिताडा उपाशी राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खारेपाटातली जुनी माणसे वहीशिवाय तळी राखत आली. काठावर उभे राहून त्यांना सगळे कळते. जिताड्याने पाण्यावर मारलेल्या फटक्याचा आवाज, बगळे कुठे उभे आहेत, खंड्या किती वेळा बुडी मारतो, काठच्या पिल्लांचा थवा दाट की विरळ, या खुणा खऱ्या आहेत आणि त्या ज्ञानाचा आदर ठेवूनच पुढे बोलले पाहिजे. पण डोळ्याला वरचे आणि काठचे दिसते, आणि आठवणीला मोठे तेवढे लक्षात राहते. शिवाय ते ज्ञान ज्या तळ्यांवर घडले, त्यांत खाडीचे बीज भरपूर येत होते. आता तळेही बदलले आहे आणि पुढची पिढी रोज काठावर उभी राहत नाही. अनुभवी नजर आणि वहीतला आकडा यांत वैर नाही. नजरेने आलेली शंका आकड्याने पक्की करता येते, आणि ती नजर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यानंतरही ती तळ्याजवळ राहते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे: बाहेरून खाद्य टाकले की समतोलाचा प्रश्नच मिटतो. बाजारातली टाकाऊ मासळी किंवा तयार खाद्य टाकून जिताडा वाढवता येतो, यात शंका नाही. पण तेव्हा प्रश्न मिटत नाही, त्याची जागा बदलते. टाकलेल्या खाद्याचा वाटा तिलापियाही घेतो आणि वाढतो. न खाल्लेले तळाशी कुजते आणि पहाटेचा प्राणवायू खाते. खाद्याच्या पैशातून जिताडा वाढला की न मोजलेली वस्ती, हे कळायला पुन्हा नमुनाच घ्यावा लागतो. चौथा आक्षेप खारेपाटाचा खास आहे. उधाणाने बांधाला खांड गेली की खाडी शेतात येते, आणि वहीतला सगळा हिशेब वाहून जातो. हे दुःख खरे आहे. पण खांड बुजवल्यावर तळ्यात काय उरले, खाडीतून काय आत आले आणि आता किती बीज सोडावे, हे ठरवण्यासाठी आधीचा आकडा हाताशी असण्याची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते.

एका तळ्याचा हिशेब त्या तळ्यापुरताच उपयोगाचा असतो, असेही नाही. जिताड्याचे बीज खाडीतून येते, खाडीतले सर्वांत मोठे जिताडे माद्या असतात, आणि पिल्लांना आसरा देतात खारफुटी आणि उथळ ओहोळ. मोठ्या माद्या सरसकट पकडल्या, खारफुटी तुटली किंवा नदीचे पाणी नासले, तर पेणच्या तळ्याचा समतोल त्या तळ्याच्या काठावरून सावरता येणार नाही. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीच्या खाली वाहणारी कुंडलिका महाराष्ट्रातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत आलेली आहे, ही आठवण इथे द्यावी लागते. शंभर तळ्यांच्या वह्यांत एकाच वर्षी बीज कमी आल्याची नोंद झाली, तर तो खाडीच्या आजाराचा पुरावा ठरेल, आणि तो पुरावा तक्रारीपेक्षा जड असेल. आज किती तळी खोदली आणि किती बोटुकली वाटली याचे आकडे सरकारी कागदांवर असतात. तळ्यात न मोजता वाढणाऱ्या माशांची कुठे गणतीच नसते.

म्हणून सुरुवात छोट्या गोष्टीने करावी. येत्या उन्हाळ्यात तळे उपसले जाईल, तेव्हा जिताडा तोलून झाल्यावर काटा खाली ठेवू नये. बारका मासा आकाराप्रमाणे वेगळा करून तोलावा, दहा-वीस जिताड्यांची लांबी आणि वजन लिहावे, आणि गेल्या पावसात किती बीज सोडले तो आकडा शेजारी मांडावा. ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार सहकारी संस्थेने गावातल्या या नोंदी एकत्र ठेवाव्यात, आणि रत्नागिरीच्या शिरगावला १९८१ पासून चालणाऱ्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थांनी त्या वाचायला गावात यावे. याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती एक दुपार आणि बारक्या माशालाही हिशेबात घेण्याची तयारी. पिढ्यान्‌पिढ्या बांध राखून समुद्राशी समतोल साधणाऱ्या या गावांना तळ्यातला समतोल राखणे अवघड नाही. जिताडा टिकवायचा असेल तर तो ज्याच्यावर जगतो त्या माशाची नोंद ठेवायला याच वर्षी सुरुवात झाली पाहिजे.